शेपटीकडून वाचा: रिपोर्टातले अवघड शब्द फोडायची रीत

नागपुरात नवीन आलेल्याची पहिली फजिती 'मेडिकल' या शब्दावर होते. ऑटोवाल्याला 'मेडिकल' म्हटलं की तो थेट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या चौकात नेऊन सोडतो, मग तुम्हाला नुसती सर्दीची गोळी का हवी असेना. 'पोरगी मेडिकलला आहे' म्हणजे ती डॉक्टरकी शिकते. 'मेडिकलमधून आणा' म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणा. शब्द एक आणि अर्थ तीन, तरी इथल्या माणसाचा गोंधळ होत नाही, कारण मागचापुढचा शब्द तो आपसूक बघतो. रिपोर्टातल्या शब्दांशी ओळख करून घ्यायची तीही अशीच.

धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अठरा वर्षं रिपोर्ट टाईप करते आहे. दरवर्षी डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची), नर्सिंगची नवी पोट्टी हाताखाली येतात. काटोल, उमरेड, भिवापूर, तिकडे गोंदियापर्यंतची, बहुतेक मराठी शाळेतली. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: 'मॅडम, हे सगळं पाठ कसं करून राहिले तुम्ही?' मी काहीच पाठ केलेलं नाही. हे लांबलचक शब्द मालगाडीसारखे असतात. डबे ओळखीचे झाले की गाडी कितीही लांब असो, काही वाटत नाही. आणि डबेही फार नाहीत. शंभर-सव्वाशे आले की रोजचं काम निघतं. त्यातले निम्मे मराठी माणसाला आधीच येत असतात, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पहिली पायरी: गार्डाच्या डब्यापासून सुरुवात

शब्द डावीकडून वाचायला लागलात की दमछाक होते. शेवट आधी बघा. काय झालंय ते शेवट सांगतो आणि कुठे झालंय ते मधला भाग सांगतो.

शेवटी 'आयटिस' असेल तर दाह, म्हणजे सूज, लाली, दुखणं. टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, हेपॅटायटिस, आर्थ्रायटिस. मुळात ग्रीकमध्ये या शेपटीचा अर्थ दाह असा नव्हताच. 'आर्थ्रायटिस' म्हणजे नुसतं 'सांध्याचा', आणि पुढचा 'रोग' हा शब्द बोलता बोलता गळून पडला. आपणही तेच करतो. 'त्यांना शुगर आहे', 'सासूबाईंना बीपी आहे.' शुगर आणि बीपी सगळ्यांनाच असतं, पण पुढचं 'वाढलेलं' आपण गिळून टाकतो आणि कुणाचं काही अडत नाही.

'एमिया' म्हणजे रक्तात, 'यूरिया' म्हणजे लघवीत. तीच साखर रक्तात जास्त सापडली तर हायपरग्लायसेमिया, लघवीत उतरली तर ग्लायकोसूरिया. 'अल्जिया' म्हणजे दुखणं. 'मेगॅली' म्हणजे अवयव मोठा होणं. 'पथी' म्हणजे नुसताच बिघाड, म्हणजे नेमकं नाव द्यायचं नसेल किंवा देता येत नसेल तेव्हाचा शब्द.

'ओमा'जवळ जरा थांबा, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त रडारड या शेपटीवरून होते. ओमा म्हणजे गाठ किंवा वाढ, एवढंच. कार्सिनोमा हा कर्करोग आहे, पण लायपोमा ही चरबीची साधी गाठ असते, आणि हेमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात, म्हणजे काचबिंदूत, तर गाठ नसतेच. तेव्हा 'ओमा' दिसला म्हणून काउंटरवर तोंड पाडायचं नाही आणि पेशंटला अर्थ सांगत बसायचं नाही. शब्द फोडता येणं वेगळं, निदान करणं वेगळं. ते वरच्या मजल्यावरच्या सरांचं काम आहे.

ऑपरेशनच्या तीन शेपट्या एकमेकींत फार मिसळतात. 'टॉमी' म्हणजे कापणं. 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. 'ऑस्टॉमी' म्हणजे तोंड करून देणं, कारण ग्रीकमध्ये 'स्टोमा' म्हणजे तोंड. गळू पिकलं की आपण म्हणतो ना, 'तोंड पडलं', तेच हे तोंड. कोलेक्टॉमीत मोठं आतडं काढतात आणि कोलोस्टॉमीत त्याचं तोंड पोटावर आणतात. टाईप करताना दोनतीन अक्षरांचा फरक, माणसाच्या आयुष्यात किती, ते तुम्हीच ठरवा.

आता एक शब्द पूर्ण फोडून बघू. पावसाळा संपता संपता नागपुरात डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि रोज दहा जण विचारतात, 'प्लेटलेट किती आल्या जी?' रिपोर्टाखाली शेरा असतो: थ्रॉम्बोसायटोपेनिया. शेवटून घ्या. 'पेनिया' म्हणजे ग्रीकमध्ये दारिद्र्य, टंचाई. 'सायटो' म्हणजे पेशी. मूळ अर्थ पोकळ भांडं, पेशीसाठी तो पुढे घेतला. 'थ्रॉम्बो' म्हणजे गुठळी. झालं: गुठळी करणाऱ्या पेशींची टंचाई. निरोगी माणसात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि इथे समोर सत्तर हजार लिहिलंय. शब्द आणि आकडा एकमेकांना धरून आहेत की नाहीत, हे बघायची सवय इथूनच लावा. का, ते पुढच्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: इंजिन

सुरुवातीचे तुकडे बहुधा दिशा, प्रमाण किंवा नकार सांगतात. इथे मराठी माणसाची चंगळ आहे, कारण हे बहुतेक उपसर्ग आपल्या शाळेतल्या व्याकरणाचे सख्खे चुलतभाऊ आहेत.

'अ' किंवा 'अन' म्हणजे नाही: अनीमिया, रक्त नसणं. आपलं अनावश्यक, अनोळखी, तसंच. 'डिस' म्हणजे वाईट, बिघडलेलं, आपला 'दुस्', 'दुर्'. डिस्प्निया म्हणजे श्वासाची दुर्दशा. 'पेरि' म्हणजे भोवती, आपला 'परि': परिसर, परिक्रमा, आणि तिकडे पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं वेष्टन. 'हायपर' म्हणजे वर, जास्त, संस्कृतातलं 'उपरि'. 'हायपो' म्हणजे खाली, कमी, आपला 'उप', जसा उपसरपंच सरपंचाच्या खाली.

ही ओढूनताणून जुळवलेली गंमत नाही. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एका कुळातल्या बहिणी आहेत. कोलकात्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने १७८६ साली भाषणात हे नातं मांडलं आणि पुढे भाषाशास्त्रज्ञांनी ते नीट सिद्ध केलं. मात्र बहिणी म्हणजे बहिणीच. 'सगळं आपल्याच संस्कृतातून गेलंय' असे निरोप मोबाईलवर फिरतात, ते मनावर घेऊ नका. तिघींची आई एकच, पण ती संस्कृत नव्हे.

हायपर-हायपोवरून मी स्वतः मार खाल्लाय. नोकरीचं पहिलं वर्ष, ती लॅब दुसरी होती. फोनवरून शेरा सांगितला गेला, मागे जनरेटर चालू. मी टाईप केलं 'हायपरकॅलेमिया'. कॅलियम म्हणजे पोटॅशियम, 'अल्कली' ज्या अरबी शब्दातून आला त्यातूनच हेही नाव. तेव्हा रक्तात पोटॅशियम जास्त, असा अर्थ झाला. आणि शेजारच्या रकान्यात मीच टाईप केलेला आकडा होता २.८. साडेतीन ते पाच हवं असतं, म्हणजे ते कमी होतं. सही करताना सरांच्या नजरेला पडलं म्हणून बरं. पोटॅशियम वाढलं तरी आणि घटलं तरी हृदयाची लय बिघडू शकते, आणि उपाय अगदी उलटे आहेत. सर ओरडले नाहीत. नुसतं कागदावर २.८ भोवती गोल करून माझ्या टेबलावर ठेवला. तो गोल मला अजून दिसतो.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या कुणीही फोनवर नुसतं 'हायपो' म्हणायचं नाही. 'हायपो, कमीवालं' म्हणायचं. ऐकणाऱ्यानेही 'कमीवालं' असं परत म्हणून दाखवायचं. बाहेरचं कुणी ऐकून हसलं तर हसू द्या.

मे महिन्यातला शब्द मात्र कुणी विसरत नाही: हायपरथर्मिया. 'थर्म' म्हणजे उष्णता, आणि संस्कृतात त्याचा भाऊ 'घर्म', ज्याचा मराठीत झाला 'घाम'. पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि ऊन लागलेला माणूस आणला की शेऱ्यात 'उपरि-घर्म' लिहिलंय असं समजा. गंमत अशी, की उष्माघाताच्या पेशंटचा घामच बरेचदा थांबलेला असतो.

तिसरी पायरी: मधले डबे

मधे असतात अवयव. इथेही कितीतरी ओळखीचे आहेत. ऑस्टिओ आणि अस्थी, ओडोंटो आणि दंत, कार्डिओ आणि हृद्, पोडो आणि पाद, नेझो आणि नासिका. नखाला ग्रीकमध्ये 'ऑनिक्स' म्हणतात, तो 'नख'चाच भाऊ. एकदा हेपॅटोस्प्लीनोमेगॅली हा शब्द फळ्यावर लिहिला तर मागच्या बाकावरून 'बाप्पा!' असा आवाज आला. मी खाली लिहिलं: हेपार, यकृत्. स्प्लेन, प्लीहन्. मेगास, महा. तिन्ही जोड्या एकेका मुळातून आलेल्या आहेत. यकृत-प्लीहा-महा, म्हणजे यकृत आणि पाणथरी दोन्ही वाढलेली. मलेरियात हे दिसतं. आणि बाप्पा म्हणणारी पोरगी तो शब्द पुन्हा कधी चुकली नाही.

डब्यांना जोडायला मधे मधे 'ओ' येतो, तो नुसता हूक आहे, त्याला अर्थ नाही. पुढचा तुकडा स्वराने सुरू झाला की हूक गळतो. गॅस्ट्रो अधिक आयटिस, गॅस्ट्रायटिस. आपल्या संधीचाच प्रकार, एवढं पुरे.

काही शब्दांत नातं मुळाचं नसतं, नजरेचं असतं. ग्रीक-रोमन माणसाने शरीराकडे बघितलं आणि त्याला जे दिसलं ते त्याने नावात घातलं. आपल्या आजीनेही तेच केलं. मला या विषयात सगळ्यात जास्त मजा इथे येते. गुडघ्यावरच्या हाडाला 'पटेला' म्हणतात. लॅटिनमध्ये पटेला म्हणजे छोटं ताट, बशी. आणि आपण? 'गुडघ्याची वाटी घासली.' डोळ्याच्या मधल्या काळ्या छिद्राला 'प्युपिल' म्हणतात, लॅटिन 'प्युपिला', म्हणजे छोटी बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात आपलीच इवली आकृती दिसते. मराठीत ती डोळ्यातली बाहुलीच आहे. आणि 'मसल'? लॅटिनमध्ये 'मस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं वाटतं, म्हणून उंदीर. गावातल्या पोराला म्हणा 'दंड दाखव', तो बेटकुळी काढून दाखवतो. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. ग्रीकमध्येही 'मिस' म्हणजे उंदीर आणि स्नायू दोन्ही. 'मायाल्जिया', 'मायोसायटिस'मधला 'मायो' तोच, आणि तो आपल्या मूषकाचा भाऊ. (मायो म्हणजे स्नायू, मेयो म्हणजे सेंट्रल एव्हेन्यूकडचं सरकारी हॉस्पिटल. एका पोट्ट्याने खरंच चुकवलं होतं.)

कधी नजर जुळतही नाही. पाठीच्या कण्याच्या अगदी टोकाच्या हाडाला ग्रीकांनी 'कॉक्सिक्स', म्हणजे कोकीळ म्हटलं, त्याच्या चोचीसारखा आकार बघून. आपण म्हणतो माकडहाड. आपण खरं तर तिथे शेपूट शोधत होतो.

'आर्टरी'चं तर विचारूच नका. मेल्यावर या नळ्या रिकाम्या सापडतात, म्हणून जुन्या ग्रीकांना वाटलं की त्यांतून हवा वाहते. 'आर्टेरिया' हा शब्द त्यांनी श्वासनलिकेलाही वापरला. आता मराठी शब्द घ्या: धमनी. 'धम्' म्हणजे फुंकणं, लोहाराचा भाता ज्याने फुलतो ते. म्हणजे दोन्हीकडच्या वैद्यांना रक्ताच्या नळीत वारा ऐकू आला. आज आपल्याला माहीत आहे की तिथे रक्त असतं, पण शब्दातला वारा कुणी काढलेला नाही.

चौथी पायरी: शब्दामागचं चित्र धरा, पण त्याच्या आहारी जाऊ नका

एकदा पारशिवनीकडचे एक आजोबा फास्टिंग शुगर द्यायला आले. हाताला पट्टा बांधताना ते कळवळले. सदरा वर करून दाखवला तर उजव्या बाजूला, पाठीपासून पोटापर्यंत, बरगडीच्या ओळीने पाण्याच्या फोडांची लाल पट्टी. म्हणाले, 'नागीण निघाली जी. गावचा एक जण मंतरून देते. पण तोंड अन् शेपूट जुळलं का माणूस जाते म्हणतात.'

सोबत आलेल्या सुनेच्या हातातल्या चिठ्ठीवर शब्द होता: हर्पीस झोस्टर. फोडून बघा. 'हर्पीन' म्हणजे ग्रीकमध्ये सरपटणं, आणि हा शब्द आपल्या 'सर्प'चा सख्खा भाऊ आहे. 'झोस्टर' म्हणजे कंबरपट्टा. सरपटत कमरेला वेढणारा! ग्रीकांनी जे पाहिलं तेच पारशिवनीने पाहिलं. आणि आपलं शहर नाग नदीच्या काठचं, आपल्याला नागीण समजावून सांगायची गरज नाही.

पण चित्र खरं असलं म्हणून त्यावरची गोष्ट खरी होत नाही. हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबून बसतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. प्रत्येक मज्जातंतूचा इलाखा शरीराच्या एकाच बाजूला, मधल्या रेषेपर्यंत असतो. म्हणून पट्टी सहसा मधेच थांबते आणि तोंड-शेपूट जुळायचा प्रश्न उरत नाही. खरी घाई वेगळीच आहे. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि मंतरणाऱ्याच्या दारात तेच तीन दिवस जातात. आजोबांचा दुसरा दिवस होता. शुगरचं रक्त घेतलं आणि त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं.

आणखी एकदोन चित्रं. धनुर्वातात शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. 'टेटॅनस'चा अर्थ ताणलं जाणं. चिकुनगुन्या हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ 'जे वाकवतं ते'. एकदा झालेला माणूस बाजेवरून कसा उठतो ते पाहिलं असेल तर वेगळं सांगायला नको. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा', आणि हे चित्र मात्र साफ चुकलं. डासाचा हात रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला दाखवला, तरी नाव तेच राहिलं. आपला 'हिवताप' त्या मानाने शहाणा. कारण सांगायच्या भानगडीत न पडता लक्षण सांगतो: हीव भरतं आणि ताप येतो.

विदर्भात काम करायचं तर सिकल सेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, टाळता येत नाही. सिकल म्हणजे विळा. शिकागोच्या जेम्स हेरिकने १९१० साली अशा विळ्यासारख्या लाल पेशींचं वर्णन छापलं. नागपुरातल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकल सेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते १९५८ साली. या पेशंटच्या रिपोर्टात एक रकाना हमखास बघितला जातो: रेटिक्युलोसाइट. 'रेटिक्युलम' म्हणजे लॅटिनमध्ये छोटी जाळी. नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशीला निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात जाळी दिसते. मोठ्या माणसात अशा पेशी साधारण एक-दोन टक्के असतात. सिकलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, शरीर घाईने नव्या पाठवतं, म्हणून आकडा चढतो. पोरांना हा शब्द काही केल्या लक्षात राहत नव्हता. मग एक दिवस डब्यातलं संत्रं सोलून ठेवलं. आपल्या नागपुरी संत्र्याचं शास्त्रीय नाव 'सिट्रस रेटिक्युलाटा', म्हणजे जाळीदार. फोडींवरच्या पांढऱ्या धाग्यांची जाळी बघा, आणि तीच जाळी पेशीत बघा. डोळ्यातला 'रेटिना'ही याच जाळीच्या कुळातला.

फसवे शब्द

'कफ' हा त्यातला म्होरक्या. इंग्रजी 'कफ' म्हणजे खोकला, आपला 'कफ' म्हणजे छातीतला चिकट बेडका. आवाज एक, नातं शून्य. 'कफ सिरप' म्हणजे खोकल्याचं औषध. कोरड्या खोकल्याचं आणि कफ सुटायचं वेगवेगळं असतं, आणि लोक नुसत्या नावावर बाटली नेतात.

'नस' दुसरा. 'नस सापडत नाही' म्हणजे रक्त घ्यायची शीर, 'नस दबली' म्हणजे मज्जातंतू. पेशंट नस म्हणाला की बोटाने दाखवायला सांगा. फार हसायचं कारण नाही, ग्रीकांचाही हाच घोळ होता. 'न्यूरॉन' म्हणजे आधी कंडरा, दोरी, मग मज्जातंतू. त्याच्या कुळातला आपला 'स्नायू' आज तिसरीकडेच, मांसाकडे जाऊन बसलाय. तेव्हा मुळं लक्षात ठेवायला कामाची, अर्थ मात्र आजचाच धरायचा.

'पेड' ग्रीकमधून आला तर मूल, लॅटिनमधून आला तर पाय. पीडियाट्रिक्समध्ये मूल, पेडलमध्ये पाय. 'मायलो' म्हणजे मगज, कधी हाडातला, कधी पाठीच्या कण्यातला, दोन्हींना एकच शब्द. 'डिस्फेजिया' म्हणजे गिळायला त्रास, 'डिस्फेझिया' म्हणजे बोलायला. लकव्याच्या पेशंटला दोन्ही असू शकतात, म्हणून इथे अंदाजाने टाईप करायचं नाही, विचारायचं.

डिक्शनरीत शोधताना आणखी एक अडचण येते. न्यूमोनिया 'एन'खाली सापडत नाही. तो 'पी'ने सुरू होतो, सोरायसिसही. ग्रीक लोक तो 'प' म्हणायचे, इंग्रजांनी लिहायचा ठेवला आणि म्हणायचा सोडला. आणि अनीमिया कुठे 'एई' घालून लिहितात, कुठे नुसत्या 'ई'ने. एक ब्रिटिश पद्धत, एक अमेरिकन. आपल्याकडे दोन्ही चालतात, पण एकाच रिपोर्टात दोन्ही नकोत.

चिठ्ठीवरची अक्षरं बहुतेक लॅटिन आहेत. 'बीडी'तला 'बिस' म्हणजे द्विः, दोनदा. 'टीडीएस'मधला 'टेर' म्हणजे त्रिः, तीनदा. 'डी' म्हणजे दिवस. 'एसओएस' ऐकून एका बाईंना वाटलं जीव धोक्यात आहे. तो लॅटिनमध्ये 'गरज पडली तर' आहे, एवढंच. 'ओडी'पाशी मात्र खरंच जपा. एरवी दिवसातून एकदा, पण डोळ्याच्या चिठ्ठीवर तोच 'ओडी' म्हणजे उजवा डोळा.

पाचवी पायरी: वही

मोबाईल नको, वही. पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात रिपोर्टात दिसला तसा शब्द, दुसऱ्यात तुकडे, शेपटीकडून. तिसऱ्यात आजीला सांगाल ते वाक्य. तिसरा रकाना चुकवू नका. आणि त्यात पाठ्यपुस्तकी शब्द लिहू नका. 'आंत्रपुच्छदाह' लिहिणारी पोरं दरवर्षी भेटतात. ते बरोबर आहे, पण उमरेडच्या बसमधून पोट धरून उतरलेल्या माणसाला ते ग्रीकच. त्याला 'अपेंडिक्सला सूज आहे' एवढं कळतं. उलट मधुमेह, कावीळ, मोतीबिंदू, गालगुंड हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत, तिथे इंग्रजी कशाला?

दिवसाला पाच शब्द पुरेत. समोर आलेल्या रिपोर्टातलेच घ्या, पुस्तकातले नकोत, कारण रिपोर्टात शेजारी आकडा असतो.

उद्याचे पाच मी देते: पेरिकार्डायटिस, ऑस्टिओपेनिया, मायाल्जिया, डिसमेनोरिया, कोलेसिस्टेक्टॉमी. चौथ्यात 'मेनो' म्हणजे मास, महिना, आणि 'रिया' म्हणजे स्राव. पाचव्यात 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी, आणि गार्डाचा डबा तुमच्या ओळखीचा आहे.